दारासमोर उभ्या कुमुदताई

आमच्या टॉवरची लिफ्ट बंद पडली की बाकीचे रहिवासी मोबाइल काढून ग्रुपवर संताप टाइप करतात. कुमुदताई तसं करत नाहीत. त्या लॉबीतल्या टेबलासमोर जाऊन ताठ उभ्या राहतात, पदर सारखा करतात आणि शाजीला, म्हणजे आमच्या केरळी सिक्युरिटी गार्डला, शांतपणे सांगतात, "शाजी, मेरा निषेध नोंद कर लो." निषेध म्हणजे काय ते शाजीला सुरुवातीला कळेना. त्याला वाटलं, यांचं काही पार्सल हरवलंय. आता तो चक्क उठून उभा राहतो आणि "कर लिया मम्मीजी" म्हणतो. लिहीत काहीच नाही. पण ताईंचं समाधान होतं, आणि लिफ्ट सुरू होईपर्यंत त्या सोफ्यावर निवांत बसून राहतात.

निषेधाला त्यांना विषय कुठलाही चालतो. महाराष्ट्र मंडळाच्या उपवासाच्या खिचडीत कुणीतरी गाजर घातलं, तेव्हा त्यांनी अध्यक्षांकडे निषेध नोंदवला आणि मग दुसऱ्यांदा खिचडी घेतली. मुलगा मंदार दिवाळीच्या पहाटे हाफ पँटवर ओवाळून घ्यायला बसला, तेव्हा त्यांनी आधी निषेध नोंदवला, मग ओवाळलं.

मंदार इथे आखातात एका बँकेत आहे. आईला कायमची जुमेरा लेक टॉवर्सला आणताना त्याने विमानतळावरच तिला बजावलं होतं की इथे मोर्चा, घोषणा, फलक यातलं काहीही चालत नाही. ताईंनी ते तंतोतंत पाळलं. त्या मला म्हणाल्या, "देश त्यांचा, नियम त्यांचे. पाहुण्याने यजमानाच्या घरातलं फर्निचर हलवू नये. पण चहात साखर कमी असली तर तेवढं सांगायला काय हरकत आहे?"

तरी मंदारच्या जिवाला घोर असतोच. ताईंनी सुपरमार्केटमध्ये कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन मान हलवायला सुरुवात केली की तो "आई, खलास, यल्ला", म्हणजे अरबीत पुरे, चल आता, असं म्हणत ट्रॉली पुढे ढकलतो.

यामागे त्यांची मोठी कारकीर्द आहे. तालुक्याच्या गावी त्या शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि शाळा सुटली की आंदोलनं करायच्या. पाण्यासाठी नगरपालिकेवर हंडा मोर्चा नेला, दारूच्या दुकानासमोर ठाण मांडलं. एकदा पोलिसांनी गाडीत घालून नेलं, तर ताईंनी पिशवीतल्या भुईमुगाच्या शेंगा काढून हवालदारांसकट सगळ्यांना वाटल्या. हे सगळं त्या इतक्या रंगून सांगतात की माझ्यासारख्या आयुष्यात साधी घोषणाही न दिलेल्या बाईला आपण फुकट जगलो असं वाटायला लागतं. मी एका शिपिंग कंपनीत बिलं तपासते. माझ्या निषेधाची मजल ईमेलच्या शेवटी "रिगार्ड्स" न लिहिण्यापर्यंत जाते.

तर अशा या कुमुदताईंच्या हाती माझी मुलगी इरा आपण होऊन सापडली. इरा अकरावीत आहे. शाळेच्या वादविवाद स्पर्धेत तिच्या टीमला विषय आला: गर्भपात होतात त्या दवाखान्यांसमोर निदर्शनं करण्याचा हक्क लोकांना असावा की नसावा. काही देशांत यावर मोठी भांडणं चालू आहेत म्हणे. तिथे काही ठिकाणी कायद्याने दवाखान्याच्या दाराभोवती हद्द आखून दिली आहे. त्या हद्दीत फलक नाही, घोषणा नाही, कुठे कुठे तर मनातल्या मनात प्रार्थना करत उभं राहण्यावरूनही प्रकरण कोर्टात गेलेलं. इराचं स्वतःचं मत पक्कं होतं की डॉक्टरकडे निघालेल्या बाईला वाटेत कुणी अडवू नये, बघूसुद्धा नये. आणि चिठ्ठीत तिला बाजू आली ती नेमकी उलटी. हक्क असावा, असं तिला बोलायचं होतं.

घरात आदळआपट सुरू झाली, तेव्हा ताई आमच्याकडे विरजण मागायला आल्या होत्या. विषय कळल्यावर त्या विरजण विसरल्या आणि खुर्ची ओढून बसल्या.

"तुझं मत बाजूला ठेव," त्या इराला म्हणाल्या. "आपल्याला पटतं त्यांच्याच निषेधाला परवानगी द्यायची, तर मग तो हक्क कसला? ती मेहेरबानी झाली."

इराने इंग्रजीत विचारलं की पण त्या बाईला त्रास होतो त्याचं काय.

"ज्या निषेधाचा कुणालाच त्रास होत नाही, तो निषेध नव्हे, सहल. लिहून घे."

इराने लिहून घेतलं. मग पुढचे काही दिवस संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये शिकवणी चालली. दारापासून लांब उभं राहा हा कायदा ताईंना मुळीच मान्य नव्हता. उद्या म्हणतील नगरपालिकेवरचा मोर्चा धरणावर न्या, असं त्यांचं म्हणणं. गर्भ हाही जीव आहे असं ज्याला मनापासून वाटतं, त्याने गप्प घरी बसायचं का, असा प्रश्न त्यांनी टाकला, आणि दुसऱ्याच मिनिटाला उलट बाजूने स्वतःच त्याला असं उत्तर दिलं की इरा पेन खाली ठेवून बघत राहिली. त्या मुलीला मी कुणाचं इतकं ऐकताना पाहिलं नव्हतं. आणि ताईंनाही इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं. स्पर्धेला यायचं म्हणून त्यांनी नारायणपेठ साडी इस्त्रीला दिली.

आदल्या शनिवारी त्यांनी रंगीत तालीम घ्यायची ठरवली. नुसतं पाठ करून उपयोग नाही, प्रसंग अंगावर घेतला पाहिजे, असा त्यांचा शिक्षकी आग्रह. आमच्या मजल्यावरचा कॉरिडॉर म्हणजे रस्ता, आमचं दार म्हणजे दवाखान्याचं दार. इराने बाई व्हायचं आणि लिफ्टपासून चालत यायचं. आम्ही दोघी निदर्शक. फलक म्हणून आंब्याच्या पेटीचं झाकण होतं. त्यावर काय लिहायचं, असं मी विचारलं, तर ताई म्हणाल्या, "काही नाही. आपण कुठे राहतो ते विसरू नकोस."

पहिल्या फेरीला इरा खिदळतच आली. ताईंनी तिला परत पाठवलं. "हसू नकोस. तुला आत जायचंच आहे आणि मी इथे आहे, एवढंच ध्यानात ठेव." दुसऱ्या फेरीला ताई एक शब्द बोलल्या नाहीत. कोरं झाकण छातीशी धरून नुसत्या तिच्याकडे पाहत राहिल्या. इरा दारापाशी आली तेव्हा तिचं हसू गेलं होतं. कसं वाटलं, असं ताईंनी विचारल्यावर ती चक्क मराठीत म्हणाली, "असं वाटलं की तुम्हाला माझ्याबद्दल काहीतरी माहीत आहे."

"छान. हे समोरची टीम बोलणार. याला उत्तर तयार ठेव," ताई म्हणाल्या आणि तिला तिसऱ्या फेरीसाठी पिटाळलं.

इरा लिफ्टपर्यंत पोचली तोच लिफ्ट उघडली आणि आतून मृणाल बाहेर आली.

मृणाल कॉरिडॉरच्या टोकाच्या फ्लॅटमध्ये राहते. लग्नाला दीड-दोन वर्षं झाली असतील. नवरा निखिल फुजैराला तेलाच्या टर्मिनलवर कामाला आहे. तो तिकडेच राहतो आणि सुट्टीला घरी येतो. मृणालला चौथा महिना होता. ताई तिला अधूनमधून लिंबाचं लोणचं नेऊन देत, त्यामुळे आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी तिच्या हातात औषधाची पिशवी होती आणि मनगटावर हॉस्पिटलची प्लॅस्टिकची पट्टी. तिने मान वर केली, तर वाटेत आम्ही दोघी ताठ उभ्या, ताईंच्या छातीशी ते पांढरं झाकण आणि आम्ही तिच्याकडे टक लावून पाहतोय. ती थबकली. मग नजर खाली घालून "सॉरी" म्हणाली आणि भिंतीला चिकटून आमच्यापासून शक्य तितकी लांबून निघून गेली. तिचं दार लागलं.

ताईंनी झाकण खाली घेतलं. आत आल्या, खुर्चीवर बसल्या. मी चहा ठेवला तो तसाच निवला.

मग त्या सांगू लागल्या. गावातल्या एका डॉक्टरच्या दवाखान्यात गर्भलिंग तपासणी चालायची. मुलगी आहे असं कळलं की तिथेच वरच्या मजल्यावर गर्भ पाडला जायचा. सगळ्या गावाला माहीत होतं. ताईंनी बायका जमवल्या आणि थेट दवाखान्याच्या दारात ठिय्या दिला. मुलींचे खुनी, अशा घोषणा दिल्या. डॉक्टर मागच्या दाराने कधीच निघून गेला होता, ते यांना कळलंच नाही. पुढच्या दाराने एक बाई बाहेर आली. तोंडावर पदर, बरोबर कुणी नाही. घोषणांचा आवाज वाढला. ती पायरीवरच थांबली, तिला वाटलं आपल्यालाच म्हणतायत. मग ती नेमकी ताईंपाशी आली आणि विचारलं, बाई, एसटी स्टँड कुठल्या बाजूला आहे.

"मी हाताने दिशा दाखवली," ताई म्हणाल्या. "दुसऱ्या हातात फलक होता, तो खाली ठेवला नाही. ती गेली. नंतर नर्सने सांगितलं, तिचं मूल पोटातच गेलं होतं. आम्ही ज्यासाठी ओरडत होतो, त्याच्याशी तिचा काही संबंध नव्हता."

इराने हळूच विचारलं की मग ते आंदोलन चूक होतं का.

"मुळीच नाही. पुढच्याच आठवड्यात आम्ही पुन्हा गेलो. पण दवाखान्यावर नाही, सरळ सिव्हिल सर्जनच्या ऑफिसवर. तिथे बसलो, उठलो नाही, आणि त्या डॉक्टरचं मशीन सील करून घेतलं. हक्क माझा आहे आणि तो मी कुणाला देणार नाही. फक्त उभं असं राहायचं की डॉक्टरला दिसलं पाहिजे, बाईच्या वाटेत आलं नाही पाहिजे."

एवढं बोलून त्या उठल्या आणि मृणालच्या दाराशी गेल्या. बेल वाजवून बाजूला, भिंतीपाशी उभ्या राहिल्या. दार उघडायला फार वेळ लागला. त्या आत गेल्या त्या अंधार पडेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

बाळाच्या हृदयाचे ठोके थांबले होते. डॉक्टरांनी सोमवारी सकाळी दाखल व्हायला सांगितलं होतं. निखिल एका जहाजाच्या कामात अडकला होता. त्याच्या जागी माणूस मिळून तो निघेपर्यंत दुपार होणार होती. आणि सोमवारीच इराची स्पर्धा होती.

ताईंनी इराला काही समजावलं नाही. "मी नसेन. तू नीट बोल," एवढंच म्हणाल्या. सोमवारी सकाळी त्या इस्त्रीची साडी कपाटात ठेवून साध्या सुती साडीत मृणालबरोबर टॅक्सीत बसल्या. मंदारने ऑफिसातून फोन करून सांगितलं की आई, तुला इंग्रजी जमणार नाही, नर्स काय सांगतील ते कळणार नाही. ताईंनी त्याला उत्तर दिलं की मला इंग्रजी येत नसलं तरी बसता येतं.

इरा छान बोलली. सहलीचं वाक्य इंग्रजीत टाकून तिने हशा घेतला. हक्काची बाजू तिने शेवटपर्यंत सोडली नाही. शेवटी परीक्षकांनी विचारलं की मग तू स्वतः कुठे उभी राहशील, तेव्हा तिने ताईंचं डॉक्टरचं आणि वाटेचं वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. परीक्षक म्हणाले की हे तर तू समोरच्या टीमचं अर्धं म्हणणं मान्य केलंस. तिची टीम हरली. गाडीत बसल्यावर रडेल असं मला वाटलं होतं, पण ती म्हणाली, आधी हॉस्पिटलला जाऊ.

वॉर्डमध्ये मृणाल झोपली होती. शेजारी स्टुलावर ताई बसलेल्या. मृणालची पर्स, ओढणी, चपला, सगळं त्यांच्या मांडीवर. खाली ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं, की ठेवायचं नव्हतं, कुणास ठाऊक. आम्ही पोचल्यावर थोड्याच वेळात निखिल आला, टर्मिनलच्या कपड्यांतच, बुटांना ग्रीस. दारातच उभा राहिला. मला वाटलं आता ताई त्याला उशिराबद्दल ऐकवणार. त्या उठल्या, मांडीवरचं सगळं त्याच्या हातात दिलं आणि त्याला स्वतःच्या जागी बसवलं. त्याने विचारलं, काकू, तिने काही खाल्लं का. ताईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तो पोरगा रडायला लागला.

घरी निघालो. ताई मागे इराशेजारी बसल्या होत्या. शेख झायेद रोडवर गाड्यांची रांग लागली होती. ताई खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या की मंदारच्या आधी माझंही असंच झालं होतं.

मी आरशात पाहिलं. इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी पाण्यापासून दारूपर्यंतची सगळी आंदोलनं सांगितली होती. हे कधी सांगितलं नव्हतं.

"आजी, तुमच्याबरोबर कोण होतं?" इराने मराठीत विचारलं.

"कुणी नाही. ह्यांना ऑडिट होतं. सासूबाई म्हणाल्या, बायकांचं असतंच हे." त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "दुपारी एसटीने घरी आले. दाराबाहेर चिटपाखरू नव्हतं. त्या वेळी कुणी भांडायला जरी उभं असतं ना, तरी चाललं असतं मला."

रांग जरा पुढे सरकली. ताईंनी पदराने चष्मा पुसला आणि नेहमीच्या आवाजात मला विचारलं, घरी जुना तांदूळ आहे का, उद्या सकाळी मृणालला घरी सोडतील, तिच्यासाठी मऊ भात करायचा आहे. आहे, मी म्हणाले.

"मी पण येते," इरा म्हणाली. "पण तिथे येऊन मी बोलू काय?"

"काही बोलायचं नाही," कुमुदताई म्हणाल्या. "शेजारी बसायचं."