विनापरवानगी स्थित्यंतर

ऊर्जा स्थित्यंतर कक्षाच्या चार मजली इमारतीला वीज पुरवण्याचे काम एक डिझेल जनरेटर करत असे आणि त्या जनरेटरला सांभाळण्याचे काम धूरकाका करत. आधी आपल्याच इमारतीतला जनरेटर बंद करून सौर वीज घ्यायची आणि मग इतरांना उपदेश करायला निघायचे, या उदात्त हेतूने कक्ष स्थापन झाला होता. त्याला अकरा वर्षे झाली होती. काम टप्प्याटप्प्याने चालू होते. टप्पा म्हणजे नेमके काय, हे ठरवण्याचा पहिला टप्पा यशस्वीपणे पार पडला होता. गच्चीवर पॅनेल बसले होते, तळघरात बॅटऱ्या भरून तयार होत्या. या सगळ्याला चार वर्षांपासून ‘जोडणीपूर्व निरीक्षणाखाली’ असा शेरा होता.

जनरेटरच्या धडधडीने धूरकाकांचा डावा कान कधीच गेला होता. घरी बायको महत्त्वाचे ते उजव्या बाजूला बसून सांगे आणि माहेरच्यांबद्दल काही बोलायचे असले की डाव्या बाजूला जाई. पण आता डॉक्टरांनी बजावले होते की हा आवाज थांबला नाही तर वर्षभरात उजवा कानही जाईल. नेमके याच सुमाराला नातीला शब्द फुटू लागले होते. ती पहिल्यांदा ‘आजोबा’ म्हणेल तेव्हा आपल्याला ऐकू यावे, एवढीच काकांची इच्छा होती आणि त्यासाठी ते कक्षात पाच अर्ज देऊन बसले होते. पाचही अर्ज योग्य त्या टप्प्यावर विचारात घेतले जाणार होते.

एका सोमवारी डिझेल आले नाही. डिझेलच्या मागणीवर ‘डिझेल बचत उपसमिती’ची सही लागे आणि उपसमिती बचतीचा अभ्यास करायला दौऱ्यावर गेली होती. टाकीत तळाशी गाळ तेवढा उरला होता. काकांनी भिंतीवरच्या दांड्याकडे पाहिले. तो वर केला की जनरेटर बंद होतो आणि पॅनेल जोडले जातात, हे त्यांना चार वर्षांपासून माहीत होते. त्यांनी तो वर केला.

पंखे फिरत राहिले, दिवे लागलेले राहिले. कुणाच्याही लक्षात काही आले नाही. जनरेटरच्या खोलीत स्टुलावर बसून काकांना स्वतःच्या मनगटावरचे घड्याळ ऐकू आले, तेव्हा त्यांना एकदम भरून आले.

पुढचे तीन महिने असे सुखात गेले. मग तिमाही अहवाल आला आणि आकडेवारी लिहिणाऱ्या बाई धापा टाकत खाली आल्या.

“काका, डिझेलच्या रकान्यात शून्य कसं लिहू?”

“शून्यच लागलं, बाई.”

“अहो, पण दर तिमाहीला दोन टक्के घट दाखवायची असते. शून्यातून पुढच्या वेळी काय घटवू?”

बाईंनी याचे उत्तर वरच्या मजल्यावर शोधले, तेव्हा तिथल्या सगळ्यांच्याच तोंडचे पाणी पळाले. स्थित्यंतर झाले असेल, तर स्थित्यंतर कक्षातल्या चौसष्ट माणसांनी उद्यापासून करायचे काय? दुपारपर्यंत काकांना प्रमुख साहेबांचे बोलावणे आले.

“तुम्ही हे एकट्याने केलंत?” साहेबांनी विचारले.

“एका हाताने, साहेब. दुसऱ्यात चहा होता.”

साहेबांनी हताशपणे त्या हाताकडे पाहिले. शेवटच्या टप्प्याला अजून नऊ वर्षे होती, त्याच्या कार्यशाळांची सभागृहेही ठरली होती. काकांना मनापासून वाईट वाटले, कारण वरच्या मजल्यांवरची माणसे काही वाईट नव्हती. तरी संध्याकाळी त्यांच्या हातात नोटीस पडली. ‘स्थित्यंतर विनापरवानगी, विनाप्रशिक्षण व मुदतीपूर्वी पूर्ण केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये?’ सोबत आदेश होता की टप्प्यांची क्रमिकता तातडीने पूर्ववत करावी.

उपसमिती दौरा अर्धवट टाकून परतली, सही झाली, डिझेल आले आणि जनरेटर सुरू झाला. मात्र इमारत पॅनेलवर व्यवस्थित चालली होती, त्यामुळे जनरेटरची वीज घालायची कुठे हा पेच पडला. त्यासाठी जनरेटरवर देखरेख करणारी नवी शाखा उघडण्यात आली. आवाजामुळे तिच्या खिडक्या बंद ठेवाव्या लागत आणि खिडक्या बंद म्हणून एसी लागे. तो एसी जनरेटरवर लावण्यात आला.

काका पुन्हा साहेबांकडे गेले.

“साहेब, तेवढा तो बंद करा. हा एकच कान राहिलाय.”

साहेबांचे डोळे खरोखरच पाणावले. ते म्हणाले की मी तुमच्याच बाजूचा आहे, पण असा निर्णय एकट्याने घेणे बरे दिसत नाही, आपण लोकांनाच विचारू. त्याप्रमाणे घरोघरी पत्रके गेली. जनरेटरमुळे एका कर्मचाऱ्याचा उरलेला कान जातो आहे, हे त्यांत स्पष्ट छापले होते. खाली तीन चौकोन होते. बंद करावा. बंद करू नये. बंद करावा, परंतु टप्प्याटप्प्याने.

भरून आलेली पत्रके चौकोनांनुसार लावायचे काम काकांकडेच आले. पहिल्या चौकोनात त्यांच्या बायकोची खूण होती. दुसऱ्यात कुणाचीच नव्हती, कारण लोक सुशिक्षित होते. बाकी सगळा गठ्ठा तिसऱ्याचा निघाला. त्यात जावयाचेही पत्रक होते आणि त्याने शेजारी ‘काकांना मनःपूर्वक शुभेच्छा’ असेही लिहिले होते.

नात परवा ‘आजोबा’ म्हणाली. काका तिच्याकडे हसून पाहत होते. बायकोने त्यांचा खांदा हलवून सांगितले, तेव्हा त्यांना कळले.

काही पत्रके यायची बाकी आहेत, म्हणून मुदत वाढवली आहे. त्यांत एक, वाचकहो, आपलेही आहे. पहिले दोन चौकोन आपण वाचले आहेत आणि पेन आता कुठे टेकले आहे, याची कक्षाला कल्पना आहे. सवडीने पाठवावे.