अकराचा गजर

"मी ज्या बसमध्ये चढतो ना, त्या बसमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते!"

घड्याळजी हे वाक्य दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. फोनवर बोंबलणारे, रिकाम्या जागेवर पिशवी ठेवून खिडकीबाहेर बघत बसणारे, उतरायचं नसताना दार अडवणारे, अशा कितीतरी जणांना त्यांनी सरळ केलं होतं. जन्म घड्याळांची टिकटिक ऐकण्यात गेल्यामुळे त्यांचे कान तिखट झाले होते. जीभ मुळातच तिखट होती.

म्हणूनच त्या दिवशी निघताना बायकोने दारातच बजावलं, "अहो, आज तरी कोणाशी भांडू नका."

"मी कधी भांडतो? मी समजावतो!"

"आज समजावूही नका. तोंडाला कुलूप लावा आणि थेट होस्टेल गाठा."

कामच तसं होतं. नर्सेसच्या होस्टेलमध्ये रात्री फोन वापरायला बंदी, त्यामुळे खोलीखोलीत गजराची घड्याळं. त्यातली डझनभर घड्याळजींकडे दुरुस्तीला आली होती. ती पसंत पडली तर सगळ्या इमारतीचं काम कायमचं त्यांच्याकडे. नाही पडली, तर मुलाचं ऐकून वडिलोपार्जित दुकानात मोबाइलची कव्हरं विकायची!

मेट्रनबाईंना त्यांनी पाहिलं नव्हतं, पण शिपायाबरोबर आलेला निरोप पुरेसा होता : "अकराला या. उशीर झाला तर येऊच नका."

आता घड्याळजींची एक जुनी रीत होती. दुरुस्त केलेलं गजराचं घड्याळ गिऱ्हाइकाच्या पुढ्यात वाजलंच पाहिजे! भेट अकराची, तर गजरही अकराचाच. टेबलावर सगळी घड्याळं मांडायची, हाताची घडी घालून उभं राहायचं, आणि ठोक्याला सगळ्यांनी मिळून बोंब ठोकायची. त्या हिशेबाने त्यांनी सगळ्यांना चावी दिली, एकेक घड्याळ फडक्यात गुंडाळलं आणि बायकोने पिशवीचं तोंड सुतळीने असं करकचून बांधलं, की जणू आत साप होता.

बसमध्ये एकच जागा रिकामी होती, तीही रिकामी नव्हती. खिडकीशी एक धिप्पाड नळवाला पाय फाकून बसला होता, शेजारी त्याची हत्यारांची बॅग, बॅगेतून बाहेर आलेला पाइप, आणि हातात फोन. फोनचा स्पीकर लावलेला!

"आलोच मॅडम!" नळवाला ओरडला.

"मघापासून तेच ऐकतेय," फोनमधून एक बाई कडाडल्या. "इथे टाकी धो धो वाहतेय!"

घड्याळजींनी बायकोचा चेहरा आठवला. पिशवी छातीशी धरून ते उभे राहिले. एक स्टॉप गेला, दुसरा गेला. पाइपाचं टोक त्यांच्या कमरेत घुसत होतं आणि टाकीची हकिगत कानात. तिसऱ्या स्टॉपला कुलूप तुटलं.

"काय हो, या बॅगेचं तिकीट काढलंय का?"

"मॅडम, एक मिनिट धरा हं," म्हणत नळवाल्याने फोन मांडीवर ठेवला. "काका, बॅग ओली आहे. मांडीवर कशी घेऊ?"

"आणि फोन? तोही ओला आहे का?"

"होय! टाकीत पडला होता. तेव्हापासून कानाला लावून काही ऐकूच येत नाही. स्पीकर तेवढा चालतो."

खरं तर इथे थांबायला हवं होतं. पण समोरची एक बाई म्हणाली, "काका बोलले ते बरोबर आहे!" आणि घड्याळजींना चेव आला. मागून कोणी ओरडलं, "एवढी शांतता हवी तर रिक्षाने जा!" त्यावर आणखी कोणी, "तू गप रे!" बघता बघता बसचे दोन तट पडले. एक झोपलेले आजोबा दचकून उठले आणि कुठल्या बाजूचे ते न ठरवताच भांडू लागले.

कंडक्टरने घंटी मारली. बस कडेला उभी राहिली.

"तुमचं आटपू द्या. तोवर गाडी हलणार नाही!"

सगळे चिडीचूप झाले. घड्याळजींना वाटलं, हीच वेळ!

"मंडळी," घसा साफ करून ते म्हणाले, "ही शांतता बघा! आपल्या आवाजाचा दुसऱ्याला त्रास होऊ नये, एवढं भान प्रत्येकाने ठेवलं, तर..."

ट्रर्रर्रर्र!

पिशवी थरथरली. मग दुसरं, तिसरं, आणि मग सगळी डझनभर एकदम! आजोबांनी कानांत बोटं घातली. घड्याळजी सुतळीची गाठ दातांनी सोडू लागले. सुटेना. बायकोच्या हाताला यश होतं!

आवाजापेक्षा त्याचा अर्थ त्यांना जास्त टोचत होता. अकरा वाजले होते, आणि ते बसमध्ये होते! त्यांनीच दुरुस्त केलेली घड्याळं साऱ्या बसला ओरडून सांगत होती, की घड्याळवाल्याला उशीर झाला. दुकान गेलं. डोळ्यांसमोर रंगीबेरंगी कव्हरं नाचू लागली. ते मटकन त्या ओल्या बॅगेवरच बसले.

एकेक करत गजर थकून थांबले, आणि नळवाल्याच्या मांडीवरून आवाज आला.

"नळवाले! तुमच्या शेजारी घड्याळवाले आहेत का?"

घड्याळजी बॅगेवरून ताडकन उठले. "अं... आपण कोण?"

"होस्टेलची मेट्रन. ही आमचीच घड्याळं ना? वर्षानुवर्षं पहाटे ऐकतेय, आवाज ओळखणार नाही होय?"

"बाई, माफ करा. मला उशीर झाला."

"तुम्हाला झाला, घड्याळांना नाही. इथे अकराचा ठोका पडला आणि तिकडे सगळी वाजली. एकही मागे नाही! मला तेच बघायचं होतं. काम तुमचं. आता त्या नळवाल्याला धरून आणा. आणि हो, शांततेवरचं भाषणही ऐकलं मी." बाईंनी फोन ठेवला.

घड्याळजींना एकदम इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणीच आलं. नळवाल्याने बॅग पायांत घेतली, पायही आवरले. "बसा काका. आधी घरी कळवा," म्हणत त्याने फोन पुढे केला. घड्याळजींनी घरचा नंबर लावला. बस सुटली.

"अगं, काम मिळालं! कायमचं!" घड्याळजी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"बाई गं! सुटलो!" बायकोचा आवाज बसभर घुमला. मग तिने विचारलं, "कोणाशी भांडला नाहीत ना?"

घड्याळजी काही बोलायच्या आत दोन्ही तट, आजोबा आणि कंडक्टर एका सुरात ओरडले, "नाऽऽही!"

पलीकडे शांतता. टाचणी पडली असती तर ऐकू आली असती.

"अहो," बायको म्हणाली, "बसमध्ये स्पीकर लावून बोलताय? लाज नाही वाटत?"