सरळ वाटेने केलेली काळबुरुजाची फत्ते

सेवेसी अर्ज ऐसा जे, कानाझावा शहरी, दुसऱ्या माळ्यावरी, राजमान्य राजेश्री योशितो, हुद्दा बँकेतील कारकून, किताब समशेरजंग, जो आम्हीच आम्हांस दिला, यांणी पडद्यावरील खेळात काळबुरुजाचा असुर कैसा मारिला ही हकिकत आम्ही स्वहस्ते लिहितो, कारण दुसरा कोणी लिहीना.

खेळाचा पूर्वार्ध म्हणजे मोकळा मुलूख. तेथे आम्ही असुराचा माग सोडोन मासे धरिले, मग खेडुतांच्या हरवल्या कोंबड्या शोधिल्या, मग घोड्यास नवे खोगीर घेतले, आणि संजीवनीची जी कुपी हाती आली ती पुढे लागेल म्हणोन पोत्यात कोंबिली. थोरली बहीण मिनेकोबाईसाहेब लहानपणापासोन शेजारी बसोन मसलत देत. समशेर आमची, अक्कल त्यांची, ऐसा घरचा रिवाज. आता त्यांचे लग्न ठरोन दूर कागोशिमास जाणे आले. सामानाचा ट्रक आज सायंकाळी येणार, आणि त्याआधी खेळाचा शेवट दोघांनी मिळोन पाहावा, इतकीच त्यांची इच्छा होती.

बुरुजाच्या दारी पाटी आली की, येथोन मागे फिरणे नाही, तयार आहां काय. आम्ही नाही म्हणोन मासे धरावयास परतलो, आणि पुन्हा तैसेच केले. मग बाईसाहेबांनी कोतात्सू म्हणजे शेगडीचे बैठे मेज, त्याच्या गोधडीखालोन आमच्या बरगडीस लाथ मारोन हुकूम केला, "मासे पुरे झाले. आत जा."

आत पाहतो तो उत्तरार्ध म्हणजे नुसता बोळ. ना फाटा, ना खेडे, ना कोंबडी. एक दालन, मग एक गनीम, मग दालन, आणि पूर्वी मारिलेले गनीमच रंग बदलोन पुन्हा उभे. खेळ करणारे निम्म्यात कंटाळले, ऐसी तक्रार आम्ही गुदरली.

बाईसाहेब संत्रे सोलीत म्हणाल्या, "सरळ रस्ता दिला तरी तुझं रडगाणं आहेच. आणि पळ की जरा, वरातीत निघालायस का?"

खरे ऐसे की आम्ही मुद्दामच चालत होतो. वाट वळवता येईना, निदान लांबवावी, ही आमची गुप्त मसलत.

असुर भेटला. हातघाई जाहली आणि आम्ही मेलो, मग पुन्हा मेलो. खाली ट्रकाचा भोंगा वाजला.

"अरे, ते औषध पी ना. पोतं भरलंय नुसतं."

"राहू दे ताई, पुढे लागेल."

"पुढे काय आहे, योशितो? हेच ते पुढे."

आमचे डोळे भरोन आले, ते संत्र्याचा रस उडाल्याने, ऐसे आम्ही जाहीर केले. मग कुपीमागोन कुपी रिचविली आणि असुर गर्दीस मिळाला. पडद्यावर खेळ करणारांची नामावळी चढू लागली. बाईसाहेबांनी खिडकीतोन ट्रकवाल्यास थांबविले आणि सर्व नावे शेवटपर्यंत वाचिली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. गनीम समूळ बुडाला. आमचेकडील एक माणूस गेले.