गंधकाच्या गाठी

रसायनशास्त्राचे सर निवृत्त झाले, पण त्यांचं तोंड काही निवृत्त झालं नव्हतं. ऐकायला कुणी नसलं तर ते भिंतींना शिकवायचे. त्या दिवशी मुलीच्या पार्लरमधली मदतनीस तापानं फणफणली आणि बायकोनं सरांच्या हातात छत्री ठेवून त्यांना दाराबाहेर काढलं.

"आपली ठकू एकटी आहे. जाऊन नुसते बसा. फोन वाजला तर उचला. एवढं तरी जमेल ना?"

सर आजवर त्या दुकानाची पायरी चढले नव्हते. कसे चढतील? रसायनशास्त्रात पहिली आलेली पोरगी पुढचं शिक्षण अर्ध्यावर सोडते काय आणि कात्री-कंगवा हातात घेते काय! बाहेर कुणी विचारलं की ते सांगायचे, "मुलगी प्रथिनांवर काम करते. प्रयोगशाळेत." केस म्हणजे प्रथिनच, तेव्हा अर्धं खरंच होतं म्हणा. पण उरलेल्या अर्ध्यापायी बापलेकींचं बोलणं "जेवलीस का" आणि "पंखा बंद कर" एवढ्यावर येऊन ठेपलं होतं.

सर कोपऱ्यातल्या स्टुलावर अंग चोरून बसले. तोच दार उघडलं आणि आत कोण यावं? त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापिका! मुलगी शाळा सोडून गेल्यावर त्या बदलून आल्या होत्या, तेव्हा तिला ओळखायच्या नाहीत, असा सरांचा हिशेब. ज्यांना सरांनी ती प्रयोगशाळा सगळ्यात रंगवून सांगितली होती, त्याच.

"अरे, सर! तुम्ही इथे कसे?" बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "आणि मुलगी काय म्हणते? प्रयोगशाळेतच ना अजून?"

मुलगी हाकेच्या अंतरावर पाठमोरी उभी होती. खरं सांगायला याहून चांगली वेळ कुठली? सरांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"हो, हो. प्रयोगशाळेतच. मी इथे… सल्लागार म्हणून येतो. रसायनांचं जरा बघायला."

मुलीचा हात क्षणभर थांबला. मग ती वळून शांतपणे म्हणाली, "हो ना बाई. सरांचा फार आधार आहे आम्हाला." पोटच्या पोरीनं 'सर' म्हटलं! पण आता तोंड कुठल्या तोंडानं उघडणार?

बाईंना केस कुरळे करून हवे होते. "परवा शाळेचा निरोप घेतेय. जन्मभर अंबाडा घातला. एकदा तरी कुरळ्या केसांनी मिरवू दे मला," त्या म्हणाल्या. मुलीनं बटा रोलरवर गुंडाळल्या, पहिलं औषध लावलं. मग दुसऱ्या औषधाची बाटली हलवून बघितली.

"संपत आलंय. समोरच्या दुकानातून घेऊन येते. गजर लावलाय, सर. वाजला की रोलर न काढता बाईंचे केस पाण्यानं धुवायला घ्या. लगेच."

ती रस्ता ओलांडते न ओलांडते तोच बाईंनी नाक मुरडलं. "काय हो हा वास! अंडं नासल्यासारखा."

झालं! सरांची पाठ ताठ झाली. "बाई, तो गंधकाचा वास! आपल्या केसांत सिस्टीन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. त्याच्या टोकाला गंधक. शेजारशेजारच्या दोन सिस्टीनची गंधकं एकमेकांना धरतात, त्यांची गाठ बसते. केसाचा आकार टिकतो तो या गाठींमुळे. पहिलं औषध गाठी सोडवतं. दुसरं औषध त्या नव्या जागी पुन्हा बांधतं."

"म्हणजे सुटलेलं पुन्हा जुळतं?"

"जुळतं ना! फक्त जुन्या जागी नाही." एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले? केसांवरून ते नखांवर गेले, नखांवरून शिंगांवर, शिंगांवरून पिसांवर. "आणि तुम्ही रोज टोचून घेता ते इन्सुलिन! त्याच्या दोन साखळ्या कशानं जोडलेल्या आहेत? याच गाठींनी! शिवाय यकृतात—"

गजर वाजला. सरांनी बोलता बोलता तो हातानं बंद केला. "एकच मिनिट, हा मुद्दा संपवतो." उभी हयात त्यांनी शाळेच्या प्रत्येक घंटेला हेच सांगितलं होतं. यकृतातला ग्लुटाथायोन, त्यात सिस्टीन शरीराची राखण कशी करतं, सिस्टीन नसेल तर शरीर ते मेथिओनीनपासून कसं बनवतं, सगळं झालं.

"सर," बाई चाचरत म्हणाल्या, "मघाशी घंटा झाली ना?"

सर धडपडत पुढे झाले. धुवायचं सोडून त्यांनी आधी एक रोलर सोडवला आणि बट ओढून पाहिली. ती रबरासारखी लांबली! जास्त गाठी सुटल्या की केस तुटतो, हे ते वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले होते. घाईघाईत त्यांनी नळ पिरगाळला, तर फवारा बाईंच्या डोक्याऐवजी आरशावर, फोनवर आणि त्यांच्याच शर्टावर. सर दारात धावले आणि रस्त्यावर बोंबलले,

"ठकू! अगं ठकू, धाव गं! बाईंचे केस गेले!"

मुलगी धावत आली. तिनं एक बट बोटांत धरून पाहिली, फवारा हातात घेतला आणि केस धुवायला लागली.

"काही गेलेलं नाही. या औषधात ओला केस थोडा ताणतोच. आणि गजर मी मुद्दाम लवकरचा लावला होता."

"मुद्दाम?"

"तुमच्या वर्गात बसलेय मी. कधी मधली सुट्टी मिळालीय आम्हाला?"

सर निथळत उभे राहिले. ती दुसरं औषध प्रत्येक रोलरवर थेंब थेंब सोडत होती. किती हळुवार हात होते पोरीचे! हे आपण इतकी वर्षं का बघितलं नाही?

"बाई, मी खोटं बोललो. ही माझी मुलगी."

बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "ठाऊक आहे हो. आपली अख्खी स्टाफरूम इथेच येते."

"मग मला कुणी बोललं कसं नाही?"

"हिनंच सांगितलं होतं. म्हणाली, बाबांसमोर माझं नाव काढू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल."

मुलगी मान खाली घालून काम करत राहिली. सरांनी टॉवेल घेऊन आरशावरचं पाणी पुसायला घेतलं. तेवढ्यात एका अनोळखी बाईनं दारातून डोकावून विचारलं, "पार्लर चालू आहे का?"

"चालू आहे, या ना!" सर पुढे झाले. "माझ्या मुलीचं आहे."

कुणाचं आहे, असं तिनं विचारलंही नव्हतं.