आधी इतिवृत्त, मग सभा

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या चर्च हॉलबाहेर प्रणव करंदीकरने गाडी लावली, तेव्हा पार्किंगमध्ये दुसरी एकही गाडी नव्हती. सभा दोनची होती आणि त्याच्या मनगटावर पावणेदोन झाले होते. लोक आलेच नाहीत तर विरोधी मतंही पडणार नाहीत, असा विचार करून तो जरा खूश झाला.

"प्रणव," लेकीचा, मायराचा सीटबेल्ट सोडवत त्याची बायको श्रद्धा म्हणाली, "आज ऑक्टोबरचा लास्ट संडे आहे. क्लॉक्स गो बॅक, एक तास मागे. आता पाऊण वाजलाय."

"मग काल का नाही बोललीस?"

"काल तू तीन तास आरशासमोर डिबेट करत होतास. त्यात माझी टर्नच आली नाही."

एवढं बोलून ती मायराला घेऊन समोरच्या सुपरमार्केटमध्ये गेली. धुकं इतकं दाट होतं की रस्ता ओलांडायच्या आतच दोघी दिसेनाशा झाल्या.

थेम्स खोरे महाराष्ट्र मंडळात बावीस वर्षं एकच अध्यक्ष होते, मुरलीधर सबनीस. कार्यकारिणीचे अकराच्या अकरा जण सबनीस पॅनलचे. दुसरं पॅनल नव्हतंच. कुणी फार बोलायला लागला की त्याला एखादी उपसमिती मिळायची आणि मग तो बोलायचा थांबायचा. प्रणवलाही दोन उपसमित्या मिळाल्या होत्या. पण गेल्या वर्षी कार्यकारिणीने शनिवारचा मराठी वर्ग बंद केला, कारण हॉल मोदक स्पर्धेच्या सरावाला हवा होता. त्यानंतर गणपतीत मायराने पुण्याला फोन केला आणि "आजी, तू कसा आहेस?" असं विचारलं. आजी आधी हसली. मग 'फोन बाबाला दे' म्हणाली. ते प्रणवच्या जिव्हारी लागलं आणि त्याने अध्यक्षपदाचा अर्ज भरला. त्या दिवसांत अमेरिकेतल्या २००८च्या निवडणुकीच्या वादसभा टीव्हीवर चालू होत्या. आपल्याकडेही तशीच वादसभा हवी, अशी त्याने मागणी केली. सबनीस लगेच म्हणाले, "हो, घ्या की." खरं तर तेव्हाच त्याला घाबरायला हवं होतं.

हॉलचं दार उघडंच होतं. आत खुर्च्या मांडलेल्या होत्या, चहाचं पिंप ठेवलेलं होतं, पण माणूस म्हणून कुणी नव्हतं. टेबलावर मंडळाचं इतिवृत्ताचं रजिस्टर उघडं पडलं होतं. त्यात चिटणीस उल्काताई राजवाडे यांचं मोत्याच्या दाण्यासारखं अक्षर, आणि तारीख आजची.

*वार्षिक सभेस ४३ सभासद उपस्थित होते. सभेदरम्यान हीटर बंद पडल्याने सभासदांनी कोट चढवले. वादसभेत श्री. प्रणव करंदीकर यांना दुसऱ्या मिनिटाला ठसका लागला. सौ. सुनीती यांनी पाणी दिले. श्री. करंदीकर यांनी माघार घेऊन श्री. सबनीस यांच्या नावास अनुमोदन दिले. श्री. सबनीस एकमताने विजयी. मराठी वर्गाचा विषय पुढील सभेत विचारार्थ.*

प्रणवने ते दोनदा वाचलं. मागे काहीतरी वाजलं म्हणून तो दचकून वळला, तर दारात उल्काताई उभ्या होत्या. त्यांच्या हातात पेपर प्लेट्सचा गठ्ठा होता.

"लवकर आलात," त्या म्हणाल्या. "दरवर्षी कुणीतरी येतंच."

"उल्काताई, हे काय आहे? मीटिंग अजून झालेली नाहीये!"

"अहो, पाचला हॉल सोडायचा असतो. सभा झाल्यावर कधी लिहू आणि मंजूर कधी करून घेऊ? म्हणून मी सकाळीच लिहून आणते, शेवटी वाचून दाखवते, सगळे मंजूर म्हणतात आणि जेवायला जातात. शहाऐंशीपासून असंच आहे."

"पण मी माघार घेणार नाहीये!"

"हो का?" उल्काताई प्लेट्स मोजत म्हणाल्या. "बरं."

दोनला लोक जमले. प्रणवने मुद्दाम दारात उभं राहून डोकी मोजली. स्वतःला आणि श्रद्धाला धरून बेचाळीस झाली. पुन्हा मोजली, पुन्हा बेचाळीस. त्याला इतकं हायसं वाटलं की त्याने श्रद्धाला आनंदाने चिमटा काढला. तेवढ्यात दार ढकलून मंडळाचा एक तरुण सभासद, मिलिंद, आत आला. "सॉरी सॉरी, पार्किंगच नाही मिळालं. सुरू झालं का?"

मिलिंद खुर्चीवर बसला आणि भिंतीवरचा हीटर दोन आचके देऊन गार पडला. कुणी कुरकुर केली नाही, वर पाहिलंदेखील नाही. त्रेचाळीस माणसांनी शांतपणे कोट चढवले. प्रणवने हट्टाने आपला कोट काढून खुर्चीवर टाकला आणि तो कुडकुडायला लागला.

"आता वादसभा," उल्काताईंनी घंटी वाजवली. "प्रत्येकाला तीन मिनिटं. आधी सबनीस."

सबनीस उठले. सत्तरीचा माणूस, गळ्यात मफलर, चेहऱ्यावर नेहमीचं हसू. "मराठी वर्गाचा प्रश्न विचाराधीन आहे," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. "तरुणांना संधी, तेही विचाराधीन आहे." पुन्हा टाळ्या पडल्या. उरलेली दोन मिनिटं ते नुसतेच हसत उभे राहिले, आणि कुणालाही त्यात काही कमी वाटलं नाही.

मग प्रणवची पाळी आली. पहिलं मिनिट झकास गेलं. आपली मुलं आपल्याच आज्यांशी बोलू शकत नाहीत, हे त्याने असं काही सांगितलं की मागच्या रांगेतल्या दोन बायकांनी पदर डोळ्यांना लावला. आता दुसरं मिनिट. ठसका लागू द्यायचा नाही, असं त्याने ठरवलं होतं. त्याने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, चिवड्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. खबरदारी म्हणून त्याने श्वास रोखला, आवंढा गिळला आणि तोच आवंढा घशात अडकला.

खोकून खोकून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे उघडले तर समोर पहिल्या रांगेतल्या सुनीतीवहिनी पाण्याचा पेला घेऊन उभ्या होत्या.

"तुम्हाला... कसं कळलं?"

"उल्काताई म्हणाल्या होत्या, दुसऱ्या मिनिटाला तयार राहा. प्या हळूहळू."

घंटी वाजली. वेळ संपली होती.

चहाच्या सुट्टीत बाहेर अंधारून आलं. धुकं खिडक्यांना येऊन टेकलं होतं. श्रद्धाने त्याच्या हातात कप दिला. "तू व्हाइट पडलायस. लीव्ह इट ना. आपण मायराला घरी शिकवू."

"घरी शिकवून झालंय की वर्षभर. तिला 'तू कशी आहेस' येत नाही अजून. तिला तिच्या वयाची मुलं हवीत."

"मग काय करणारेस?"

प्रणवने टेबलाकडे पाहिलं. उल्काताई भजी वाढत होत्या. रजिस्टर उघडं होतं आणि शेजारी निळं पेन होतं. या मंडळात सभा झाली म्हणून इतिवृत्त होत नाही, इतिवृत्त असतं म्हणून सभा होते, हे एव्हाना त्याला पुरतं कळलं होतं. तो टेबलाशी गेला. ठसक्यानंतरच्या ओळींत जिथे करंदीकर होतं तिथे त्याने खोडून सबनीस लिहिलं आणि जिथे सबनीस होतं तिथे करंदीकर. मराठी वर्गाच्या ओळीपर्यंत पोचणार तोच उल्काताई वळल्या. त्याने पेन खाली ठेवलं.

साडेचारला उल्काताई इतिवृत्त वाचायला उभ्या राहिल्या. ठसक्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. मग त्या अडखळल्या. चष्मा वर केला, खाडाखोड पाहिली, प्रणवकडे पाहिलं आणि आवाजात जराही बदल न करता पुढे वाचलं.

"श्री. सबनीस यांनी माघार घेऊन श्री. करंदीकर यांच्या नावास अनुमोदन दिले. श्री. करंदीकर एकमताने विजयी."

आता गहजब होणार म्हणून प्रणवने डोळे मिटून घेतले.

"मंजूर," त्रेचाळीस जण एका सुरात म्हणाले. त्यात सबनीसांचाही आवाज होता. आणि प्रणवने दचकून तोंडावर हात ठेवला, कारण त्यात त्याचा स्वतःचाही होता.

लोक जेवणाकडे वळले. कुणाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. काल जे सबनीसांना नमस्कार करत होते ते प्रणवला नमस्कार करून पुरीच्या रांगेत लागले. सबनीस मफलर सोडत त्याच्याजवळ आले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ते हसत नव्हते, आणि त्यामुळे माणूस म्हणून बरे दिसत होते.

"अभिनंदन. मी शहाऐंशीला उभा राहिलो तो कशासाठी, माहितीये?"

"कशासाठी?"

"मराठी वर्ग वाढवायचा होता. रोज भरवायचा होता. आमची शिल्पा तेव्हा सात वर्षांची होती." त्यांनी मफलरची नीट घडी घातली. "आता ती ग्लासगोला डॉक्टर आहे. रविवारी फोन करते. हॅलो बाबा म्हणते, मग आम्ही वेदरवर बोलतो. इंग्लिशमध्ये."

"मग बावीस वर्षं तुम्ही केलं काय?"

"दरवर्षी विषय घेतला ना पुढच्या सभेत," सबनीस म्हणाले, आणि धुक्यात गाडी शोधायला निघून गेले.

प्रणव तसाच उल्काताईंकडे गेला. "ताई, मराठी वर्ग येत्या शनिवारी दहा वाजता. आत्ताच लिहा."

"लिहिते की. हॉल?"

"हाच."

"शनिवारी मोदक स्पर्धा उपसमिती असते. तिचे प्रमुख तुम्हीच आहात. रद्द करायची? अठरा बायका आहेत, आत्ता इथेच आहेत, सांगून टाका."

प्रणवने पुरीच्या रांगेकडे पाहिलं. अठराच्या अठरा जणी त्याच्याकडे कौतुकाने पाहत होत्या. नवा अध्यक्ष म्हणून त्यांनी त्याच्यासाठी पहिलं पान वाढलं होतं.

"आज नको," तो म्हणाला. "आजच्या दिवस नको."

"बरं. आणि पुढच्या वर्षी तुमच्या विरोधात कुणाला उभं दाखवू? आधी ठरलेलं असलं म्हणजे बरं."

प्रणव रागाने काहीतरी बोलणार होता. पण भज्यांच्या ताटापाशी मिलिंद तावातावाने कुणाला तरी सांगत होता की या मंडळात चेंज हवा. प्रणवने क्षणभर विचार केला.

"मिलिंद," तो हळूच म्हणाला. "आणि त्याला आधी एक उपसमिती द्या."

मायरा धावत आली आणि त्याच्या हाताला लोंबकळली. "बाबा, यू वन! माझी क्लास कधी स्टार्ट होतो?"

प्रणवने तिच्याकडे पाहिलं. शनिवारी दहा वाजता, हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते. समोर उल्काताई पेन उघडून, मान तिरकी करून वाट पाहत होत्या. मागून अठरा बायकांपैकी कुणीतरी "अध्यक्ष, पान गार होतंय" अशी हाक मारली. त्याच्या चेहऱ्यावर आपोआप हसू आलं. ते हसू आपलं नाही हे त्याला कळलं, पण ते जाईना.

"बघू हं, राजा," तो मायराला म्हणाला. "पुढच्या सभेत विषय घेऊ."