हकिकत सखाबाबांस झाकण्याच्या मोहिमेची

श्रीकुलदेवता समर्थ. मौजे पोशीर, तालुके कर्जत, येथे श्रीमंत नागूबाबा यांच्या पंचाहत्तरीचे निमित्ते कागद, गोंद आणि साचे यांची जी मोहीम जाहली, तिची हकिकत जैसी घडली तैसी लिहिली असे. मोठ्या लढाया लिहिणारे पुष्कळ आहेत. परंतु घरात जेवणाच्या ताटावर जी युद्धे होतात ती लिहावयास कोणी शाई खर्चत नाही, आणि मग पुढील पिढ्यांस वाटते की आपले वाडवडील गुण्यागोविंदाने नांदले. ऐसा गैरसमज राहू नये, म्हणोन हा खटाटोप.

आधी वैराचे मूळ सांगणे प्राप्त. नागूबाबा हे भातखाचरांचे धनी, आणि सखाबाबा हे त्यांचे पाठचे बंधू. उभयता एका ताटात जेवले, एका बिडीवर दोघांनी झुरके मारले, आणि गावात एकाने शिवी दिली तर ती दुसऱ्याचीही धरावी ऐसा रिवाज होता. मग नागूबाबांचे चिरंजीव हर्षदराव यांचे लग्न निघाले आणि मांडवात मानपानाचा दरबार भरला. मान म्हणजे टॉवेल आणि टोपी. खालापूरच्या व्याह्यांस मिळाला, भावकीस मिळाला, ज्यांस कोणी ओळखत नव्हते त्यांसही मिळाला, आणि सखाबाबांची पाळी आली तो टोप्या सरल्या. तेव्हा चुलत्याच्या हाती नुसता टॉवेल पडला, आणि हे पाहून नागूबाबांनी तोल सावरावा म्हणोन भर मांडवात फर्मावले, "राहू द्या रं! त्याचं डोकं मोठं हाय, टोपी बसली नसतीच."

मांडव हसला. सखाबाबा हसले नाहीत. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला, आपल्या टेंपोत बसले, आणि कुंभिवलीस, जेथे हायवेला त्यांचे टायर-पंक्चरचे दुकान आहे, तेथे जे रवाना जाहले ते तीन वर्षे पोशीरच्या वेशीत आले नाहीत.

मग भावकीने मसलत केली आणि निवाडा दिला. टोप्या कमी आणणारा निर्दोष, डोके मोठे म्हणणारा निर्दोष, रुसून जाणारा तर देवमाणूस. सारा दोष नव्या सुनेच्या पायगुणाचा. नवी सून निशिगंधाबाई त्या समयी अंतरपाटाआड उभी होती आणि तिला टॉवेलही दिसला नव्हता, टोपीही दिसली नव्हती. परंतु निवाडा लागला तो लागला. तेव्हापासून घरात दूध नासले, मोटर जळली, म्हैस आटली, तरी बायका तिच्या पायांकडे पाहात. तिने मनी धरले की सासऱ्यांच्या पंचाहत्तरीस चुलतसासरे मांडवात यावे आणि हा कलंक धुवून जावा. एरवी जन्मभर पायांत मोजे घालोन हिंडणे आले.

तयासाठी तिने शस्त्र मागविले. डाय-कटिंग मशीन नामे यंत्र, रंगाने गुलाबी, दोन रूळ आणि बाजूस दांडा. साचा आणि कागद दोन पाट्यांमध्ये घालोन रुळांत सारावा आणि दांडा फिरवावा, की पलीकडून कागदाची नक्षी कापून निघते. बेत ऐसा, की घराण्याच्या जुन्या फोटोंचा आल्बम करावा, पानोपानी एक थीम, म्हणजे एका पानावर एकच प्रसंग आणि त्यास शोभेल ऐसा रंगीत कागद व कापीव नक्षी, आणि जुने दिवस पाहोन सासऱ्यांचे मन भावाकडे वळावे. ही विद्या ती मोबाइलवर व्हिडिओ पाहोन शिकली होती. त्या व्हिडिओंतील मडमा हे सर्व हसत हसत करीत. त्यांस सासू नसावी ऐसा आमचा तर्क आहे.

यंत्र ओटीवर मांडले तो थोरल्या बाईसाहेब सोनुबाई पाहणीस आल्या.

"ह्यात शेवया होतील काय गं?"

"नाय आई, ह्यात कागद कापायचा."

"कागदाला कात्री हाय की घरात."

याचे उत्तर व्हिडिओंत कोठे दिले नव्हते.

यंत्रासोबत साच्यांचा सरंजाम आला तो सारा परमुलखीचा. जिराफ, अस्वल, भोपळा, देवदाराचे झाड, आणि तीन गोळ्यांचा एक माणूस, गळ्यात मफलर आणि नाकाच्या जागी गाजर, ज्यास स्नोमॅन म्हणतात. पोशीरच्या भातकऱ्याच्या जन्मात यांपैकी भोपळा तेवढा आला होता.

मग कणगीमागून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला आणि डब्यातून फोटो निघाले, आणि पाहतात तो काय! ज्या फोटोत नागूबाबा, त्या फोटोत सखाबाबा. नागूबाबांच्या लग्नात सखाबाबा. हर्षदरावांच्या बारशात पाळण्याची दोरी सखाबाबांच्या हाती. माथेरानास एकाच घोड्यावर दोघे, आणि घोडा रडवेला. ही वार्ता नागूबाबांस कळली तेव्हा ते अंगणात वाल सोलीत होते. त्यांनी मान वर न करिता हुकूम सोडला, "आल्बम कर, नाय कोन म्हनतो? पन त्याचं थोबाड मला दिसता कामा नये."

हुकूम तो हुकूम. निशिगंधाबाईंनी जड मनाने लग्नाचा फोटो उचलला आणि सखाबाबांचा भाग छाटावा म्हणोन यंत्राच्या तोंडी दिला, तोच सोनुबाईसाहेब चुलीपुढून धावल्या.

"थांब गं! जित्या माणसाच्या फोटोला पातं लावतात काय? आयुष्य तुटतं त्याचं!"

"मग आई, गोंदाने वर कागद चिकटवते."

"जित्या माणसाच्या तोंडाला गोंद? वाचा जाते."

हा शास्त्रार्थ पूर्वी कोणी ऐकिला नव्हता. सोनुबाईसाहेबांनी स्वतः मागील दिवाळीत रेशनकार्डाच्या फोटोसाठी आपलेच मुंडके कात्रीने कापले होते आणि त्या ठणठणीत होत्या. परंतु हे दाखवून देण्याची छाती कोणास जाहली नाही. ऐसी दोन फर्माने दोन बाजूंनी आली आणि मध्ये निशिगंधाबाई, जैसा कागद दोन रुळांत.

तेव्हा हर्षदरावांनी सल्ला दिला. हर्षदराव हे स्वभावे मवाळ. बापाचेही खरे आणि आईचेही खरे, ऐसे म्हणत त्यांचे आयुष्य सुखाने चालले होते. ते म्हणाले, "वरच्या कडेला जरासा गोंद लाव, खाली मोकळं सोड. पडद्यासारखं. झाकलं तर झाकलं, आणि तोंडाला काय लागलं पन नाय." लग्नानंतर त्यांस सुचलेली ही पहिलीच गोष्ट, म्हणोन ती मंजूर जाहली, आणि बक्षीस म्हणोन दांडा फिरविण्याची कामगिरीही त्यांजकडेच आली.

मोहीम सुरू जाहली. हर्षदराव दांडा फिरवीत, यंत्र कुरकुरे, पाटीस तडा गेला, त्यांच्या कमरेसही गेला. यंत्राचे तोंड लहान आणि सखाबाबांचा देह मोठा, त्यामुळे एका आकृतीत ते मावत ना. डोके झाकावे तो पोट दिसे, पोट झाकावे तो पाय. परंतु निशिगंधाबाई हटल्या नाहीत. माथेरानच्या पानावर हिरवा कागद लावोन सखाबाबांच्या जागी जिराफ बसविला, तो नागूबाबांस पाठीमागून मिठी मारोन घोड्यावर बसला. बारशाच्या पानावर अस्वल पाळणा हलवू लागले. लग्नाच्या पानावर भोपळा आला. आरंभी ती दर आकृती दोनदा मोजोन कापी. परंतु पुढे पुढे तिच्या मनात आले, की ज्या घरात टोपी संपली म्हणोन सुनेचे पाय वाईट ठरतात, त्या घराच्या इतिहासात जिराफ असला तर काय बिघडले? आणि मग मोजणे राहिले.

इतक्यात सुंदराआत्या, नागूबाबांच्या भगिनी, मुक्काम खालापूर, या पंचाहत्तरीच्या तयारीस म्हणोन आल्या. या बाईंस दोन्ही भावांकडे मोकळी वाट होती आणि इकडची बातमी तिकडे नेण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी आल्बम चाळला.

"हा जिराफ कोन गं?"

"सखाकाका."

"अगो बाय! मान बरीक खरी हाय. तशीच ताठ."

आणि तिथल्या तिथे त्यांनी कुंभिवलीस फोन लाविला आणि कळविले की, दादा, तुज्या वहिनीच्या घरी तुजा जिराफ केलाय. पलीकडे टायरात हवा भरण्याचा आवाज थांबला. मग सखाबाबा म्हणाले, "जिराफ तर जिराफ. भोपळा तरी नाय ना केला?"

सुंदराआत्या सत्यवचनी. त्यांनी फोन ठेवला.

हे ऐकोन निशिगंधाबाईंनी गोंदाची बाटली खाली ठेवली. हर्षदरावांस त्या म्हणाल्या, "आता काका येतील ते भांडायला, नायतर जन्मात येनार नायत. दोन्हीचं खापर माज्याच डोक्यावर." हर्षदराव म्हणाले, तुझेही खरे.

पंचाहत्तरीचा दिवस उगवला. अंगणात मांडव पडला, खुर्च्या आल्या, भावकी आली, ज्यांनी निवाडा दिला होता ती सारी मंडळी पुढच्या रांगेत. सुवासिनींनी नागूबाबांस दिव्यांनी ओवाळिले, गळ्यात हार पडला, आणि मग आल्बम त्यांच्या मांडीवर ठेविला. निशिगंधाबाई खांबाआड उभ्या राहिल्या.

नागूबाबांनी लग्नाचे पान उघडले. भोपळा पाहिला. पान उलटले. बारशाचे अस्वल पाहिले, भुवई हलली. जिराफ आला तेव्हा पाठीमागे कोणीतरी फिसकन हसले, आणि मग सारा मांडव हसू लागला, कारण आकृतीखालून सखाबाबांची तंगडी घोड्यावरून लोंबत होती आणि ती कोणाची हे सर्वांस ठाऊक. तीन वर्षे ज्यांचे नाव त्या घरात निघाले नव्हते ते त्या सकाळी दर पानास निघू लागले. "हा बग सखा!" "हा पन सखाच!" झाकला नसता तर इतका दिसला नसता.

मग शेतीचे पान आले. तपकिरी कागद, कडेने कापीव पाने, आणि मध्ये तो फोटो, ज्यात पहिले तेलाचे इंजिन नदीकाठी नेले होते. गाडीवाट नव्हती, म्हणोन इंजिन दोरांनी बांबूस टांगले आणि बांबू दोघांनी खांद्यावर घेतला. पुढच्या टोकास नागूबाबा, दात आवळलेले. मागच्या टोकास स्नोमॅन, मफलर घालोन, हसरा.

नागूबाबांनी पान जवळ घेतले, दूर धरले, चष्मा पुसला.

"हा कोन?"

खांबाआडून आवाज आला, "स्नोमॅन, बाबा."

"मंजे?"

"बर्फाचा माणूस."

"बर्फाचा!" नागूबाबा उठोन उभे राहिले, हार वाकडा जाहला. "आन ह्यानं इंजान उचललं? चैत्राच्या उन्हात?"

निशिगंधाबाईंनी धीर केला आणि त्या पुढे आल्या. "तुमीच म्हनालात ना बाबा, थोबाड दिसता कामा नये?"

"थोबाड म्हनलो! त्याचं काम दुसऱ्याच्या नावावर कर म्हनलो होतो? फाट्यापासून नदीपर्यंत आनलंय आमी ते. खांद्याची सालं निघाली. आन नाव ह्या गाजरनाक्याचं?"

आणि त्यांनी बोटाने ती आकृती उचलली. गोंद वरच्या कडेसच होता, पडदा अलगद वर गेला, आणि खाली सखाबाबा निघाले, पोरसवदा, तोंड उघडे, बांबूखाली वाकलेले. नागूबाबांनी फोटोतल्या बांबूवरून बोट फिरविले. मग खाली बसले आणि जणू कोणास न सांगता बोलले, "इंजानाच्या चाकाची बाजू ह्याच्याकडं होती. ती जड."

"मंग त्याला सांग की," सुंदराआत्या म्हणाल्या.

"मी कशाला सांगू? हर्षद, फोन लाव. मी बोलनार नाय. तू विचार, चाक कोनाकडं होतं. एवढंच विचार, जादा बोलू नको."

हर्षदरावांनी फोन लाविला, आवाज मोठा केला आणि एवढेच विचारले. पलीकडे हायवेचे ट्रक गरजत होते. सखाबाबांचा जबाब आला, "असल्या गोष्टी फोनवर सांगतात काय? फोटो बगितल्याबिगर मी कशाला बोलू?"

आणि पंगत बसली न बसली तो टेंपो मांडवाच्या तोंडाशी येऊन थांबला. सखाबाबा उतरले, हात ऑइलने काळे. कोणास रामराम नाही, कोणास कसे आहात नाही. सोनुबाईसाहेबांनी पुढे केलेल्या पाण्याने हात धुतले आणि थेट आल्बमापाशी बसले. नागूबाबांनी पान सरकविले, परंतु पाहिले दुसरीकडे. चाक जेथे असावे, नेमके तेथेच डब्यातल्या ओलीने फोटोस डाग पडला होता.

"चाक तुज्याकडं होतं," सखाबाबा म्हणाले. "माजी बाजू हलकी."

"खुळा काय रं? चाक मागं होतं. तुज्याकडं."

"मागं टाकी होती. मला शिकवू नको."

"मी पुढं होतो का तू?"

"पुढं होतास म्हनूनच मागचं तुला काय दिसनार?"

आवाज चढले, ताटे खोळंबली, भावकी उठोन उभी राहिली. दोघेही हटेनात, जड बाजू आपल्या खांद्यावर होती हे कबूल करावयास एकही तयार नव्हता. सोनुबाईसाहेबांनी दोघांच्या मध्ये एकच ताट आणून ठेविले आणि दोघे भांडता भांडता त्यातूनच जेवू लागले. भावकीने त्याच जागी दुसरा निवाडा दिला, की सुनेचा पायगुण थोर. वास्तविक आधीही पायांनी काही केले नव्हते आणि आता केले ते हातांनी. परंतु भावकीचे निवाडे नेहमीच थोडे खाली घसरतात. निशिगंधाबाईंनी तो मान नमस्कार करोन घेतला आणि वाढावयास गेल्या, अनवाणी.

पंगत उठली, मांडवाचे कापड उतरले, खुर्च्या मांडववाल्याच्या गाडीत चढल्या, तरी उभयता आल्बम मध्ये ठेवोन भांडतच होते. इंजिनावरून ते घोड्यावर आले, घोड्यावरून पाळण्यावर, आणि दर पानास आकृती उचलोन पाहात की मूळची चूक कोणाची. तीन वर्षांत पहिल्यानेच दोघांच्या मध्ये निरोप्या नव्हता. आमच्या मुलखात यासच तह म्हणतात. सबब सखाबाबांस झाकण्याची मोहीम सपशेल फसली आणि त्यायोगे फत्ते जाहली, ऐसे येथे नोंदिले असे.