संगणकाला तेल

मुलगी रविवारी घरी येणार म्हणून शिंपीमास्तरांनी शनिवारी सकाळी संगणकाला तेल द्यायचं ठरवलं.

तसं पाहिलं तर यात त्यांची फारशी चूक नव्हती. जन्मभर शिलाई मशीन चालवलेलं. मशीन कुरकुरलं की तेल द्यायचं, हे हातातच भिनलेलं. आणि मुलीने नोकरीला जाताना मागे ठेवलेला हा संगणक काही दिवसांपासून दमेकऱ्यासारखा घरघरत होता.

तोच शिकायला मास्तर या वयात क्लासला जात होते. पहिल्या दिवशी वर्गातल्या मुलांना ते शिपाई वाटले. (एकाने पाणी मागितलं. मास्तरांनी आणून दिलं.) शिकण्याचं कारण त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मुलगी दूरच्या शहरात संगणकाचंच काम करायची. फोनवर "तब्येत बरी ना? ठेवते मग," इथे बोलणं संपायचं. तिच्या कामातले चार शब्द आपल्याला कळले, तर ती आणखी थोडं बोलेल, एवढीच त्यांची आशा. त्यापायी त्यांनी एक छोटा प्रोग्रामही लिहिला होता. रविवारी तिला शेजारी बसवून तो दाखवायचा होता.

तर मास्तरांनी पेटी उघडली, आतल्या पंख्याला दोन थेंब तेल सोडलं (दोन कमी वाटले म्हणून आणखी सोडलं) आणि बटण दाबलं. पंखा असा काही गरगरला की सगळं तेल आतल्या हिरव्या पाटीवर उडालं. संगणक एकदा खाकरला आणि गप्प झाला.

कापडावर तेल सांडलं की शिंपी त्यावर खडूची पूड टाकतो. ती तेल शोषून घेते. मास्तरांनी टाकली. पाटीवर छान कणीक मळली गेली.

"अहो, आता वरून इस्त्री फिरवा, म्हणजे काम पुरं होईल," बायको दारातून म्हणाली.

(मास्तरांनी क्षणभर इस्त्रीकडे पाहिलंसुद्धा.)

"तिला काय सांगू गं?"

"सांगा, त्याला झबलं शिवत होतो. माप घेताना गेला."

रविवारी मुलगी आली आणि पेटीत डोकावली.

"बाबा, हे काय?"

"सर्व्हिसिंग केलं."

"आणि हे पांढरं?"

"खडू."

ती मटकन खाली बसली. मास्तरांना वाटलं, रडते की काय. पण ती हसत होती. इतकी, की आईला पाणी आणावं लागलं.

मग बाह्या सरसावून तिने जमिनीवरच दुकान मांडलं. मास्तर ताटलीत स्क्रू सांभाळत शेजारी बसले. जुन्या ब्रशने पाटी घासता घासता ती बोलत राहिली. हा भाग कशाचा, तो कशाला. मग साहेब किती चिडका आहे. मग खोलीवर एकटीला जेवायचा कसा कंटाळा येतो. मास्तर नुसते हूं हूं करत होते. पाठ केलेले चार शब्द वापरायला जागाच मिळाली नाही, आणि त्यांना ती नकोही होती.

दुपार कलली तेव्हा संगणक सुरू झाला. मास्तरांनी भीत भीत आपला प्रोग्राम लावला. पडद्यावर उमटलं, 'आलीस का?'

मुलीने 'हो' लिहिलं.

'बस जरा.'

ती मास्तरांना खेटून बसली.

"बाबा, आणि 'नाही' लिहिलं तर?"

"ते अजून शिकवलेलं नाही."

संध्याकाळी ती गेली. संगणक आता इतका गुणी झाला होता की चालू आहे की बंद तेही कळेना. दुसऱ्या दिवशी घर खायला उठलं, तेव्हा मास्तरांनी मनाचा हिय्या करून फोन लावला.

"अगं, पुन्हा बिघडला बघ. पार मेला. पडदा काळाठिक्कर. तुला यावंच लागणार."

पलीकडून थोडी टकटक ऐकू आली.

"बाबा, जाताना मी त्यात एक सोय करून ठेवलीय. तुमचा पडदा मला इथून दिसतो."

मास्तरांनी घाईघाईने पडद्यावर हात धरला.

"तुम्ही पत्ते खेळताय."

"ते आपलं... मघाशी जरा..."

"आणि हरताय. तो काळा गुलाम आधी लाल राणीवर ठेवा."

"कुठल्या लाल राणीवर?" मास्तरांनी होता होईल तितकं सावकाश विचारलं.

"बाबा, पडद्यावर एकच आहे."